सव्वाशे पौंडांत सत्तावीस लिटर

थारचं डिझेल इंजिन २१८४ सीसीचं असतं. आता कल्पना करा की एवढी सगळी जागा एकाच सिलिंडरला दिली आहे, आणि असे बारा सिलिंडर सहा-सहाच्या दोन रांगांत, इंग्रजी 'व्ही'सारखे एकमेकांपासून कलून उभे आहेत. हे झालं लिबर्टी इंजिन. सत्तावीस लिटर. मारुती ८०० ची चौतीस इंजिनं एकत्र केली तर साधारण तेवढं होईल. सिलिंडरचा व्यास पाच इंच, पिस्टनचा प्रवास सात इंच. आमटीची वाटी आत टाकली तर तळाशी खुळखुळेल.

हे इंजिन बसवलेली एक अख्खी रेसिंग कार गेल्या शतकाच्या विशीत इंग्लंडमध्ये विकायला निघाली आणि १२५ पौंडांना गेली. ऑस्टिन सेव्हन नावाची पाऊण लिटरच्याही आतली, मध्यमवर्गासाठी काढलेली छोटी गाडी १९२२ साली तिथे १६५ पौंडांना मिळायची. म्हणजे नॅनोच्या किमतीपेक्षा कमी पैशांत लढाऊ विमानाचं इंजिन, वर चासी, गिअरबॉक्स, चार चाकं आणि बसायला जागा.

ती गाडी घेणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. पण आधी ज्यांनी असं काहीच विकत घेतलेलं नाही आणि घेणारही नाहीत, अशा माणसांबद्दल थोडं सांगतो, कारण मी त्यांतलाच आहे.

आमचा पाच जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दोघं चिंचवडला नोकरी करतात, एक जर्मनीत, एकाचं कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्रीत काम, आणि मी. इंजिनं विकायला आलेली शोधायची, लिंक टाकायची आणि मग रात्री दीड वाजेपर्यंत चर्चा करायची, हा आमचा छंद. २०२३ च्या मार्चमध्ये लिलावाला एक गाडी आली. तिचं नाव 'द बीस्ट'. आत रोल्स-रॉइस मर्लिन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं इंजिन. तेही सत्तावीस लिटरचंच. जॉन डॉड नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणाऱ्या इंग्रज माणसानं ती बांधून घेतली होती, पुढे रोल्स-रॉइसची जाळी लावली होती, आणि ती जाळी लावल्याबद्दल कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं होतं. डॉड खटला हरला आणि स्पेनला जाऊन राहिला. तो वारल्यावर काही महिन्यांत गाडी विकली गेली ७२,५०० पौंडांना. तेव्हाच्या दरानं बहात्तर लाख रुपये. ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया आली ती अशी, की वाकडला एवढ्यात धड टू बीएचके येत नाही.

अशा चर्चेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी रंग ठरतो. मग कोणत्या गाडीत बसवायचं यावर भांडण होतं. कुणीतरी कस्टम्सची ड्युटी काढतं, ते बाकीचे वाचत नाहीत. आरटीओचं नाव निघालं की सगळे गप्प होतात आणि विषय पुन्हा रंगावर येतो. एक प्रश्न मात्र सहसा कुणी काढत नाही. इंजिन आलं, बसलं, चालू झालं. पुढे काय? ही ताकद चाकांपर्यंत न्यायची कशानं?

माझ्या मामाचं इस्लामपूरला गॅरेज होतं. नव्वदच्या दशकात त्याच्याकडे जुन्या पेट्रोल जीप यायच्या, त्यांत तो मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवायचा. सांगली-कोल्हापूरकडे हे काम अनेक मेस्त्री करायचे, पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून. जुनं इंजिन खाली, नवं वर, एवढं एका दिवसात व्हायचं. मग आठवडाभर मामा बाकीच्यांशी झगडत बसायचा. माउंटिंगची भोकं जुळत नाहीत, क्लच हाउसिंगला प्लेट कापून घ्यावी लागते, प्रॉपेलर शाफ्ट दोन बोटं लांब पडतो, रेडिएटर पुरत नाही. गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसून विचारायचं, इंजिन तर बसलंय की, आता कशाला वेळ? मामा उत्तर द्यायचा नाही. या लेखातल्या गाडीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते बाकडं आठवलं.

तर लिबर्टी. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्याकडे लढाऊ विमानात बसवण्याजोगं दमदार इंजिन नव्हतं. मे महिन्याच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात दोन इंजिनिअरांना बसवलं: पॅकार्ड कंपनीचा जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉटचा एल्बर्ट हॉल. दोघंही प्रतिस्पर्धी कंपन्यांचे. पाच दिवसांत मूळ आराखडा तयार झाला आणि उन्हाळा संपायच्या आत नमुन्याची इंजिनं चालू झाली. मग पॅकार्ड, फोर्ड, जनरल मोटर्सचे कारखाने कामाला लागले. कॅडिलॅक सोडून बाहेर पडलेल्या हेन्री लेलँडनं तर हे इंजिन बनवायला नवी कंपनीच काढली आणि तिला लिंकन नाव दिलं. लिंकनच्या आलिशान गाड्या त्यानंतरच्या. एकूण वीस हजारांहून जास्त लिबर्टी इंजिनं बनली. ताकद चारशे अश्वशक्ती, वजन सुमारे ३८० किलो.

इंजिनं धडाधड तयार होऊ लागली आणि १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध संपलं.

युद्ध संपल्यावर माणसं घरी जातात. इंजिनं कुठे जाणार? लिबर्टीचं पुढे काय काय झालं याची यादी एखाद्या घरातून पळालेल्या मुलाच्या चरित्रासारखी आहे. १९१९ मध्ये चार लिबर्टी लावलेल्या एका अमेरिकन उडत्या बोटीनं थांबत थांबत अटलांटिक ओलांडला. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा चोरटी दारू आणणाऱ्यांनी आपल्या बोटींत ही इंजिनं बसवली, म्हणजे पोलिसांच्या बोटी मागे पडाव्यात. ब्रिटिश हवाई दलाची डीएच-नाइन-ए विमानं हेच इंजिन घेऊन अखंड भारताच्या वायव्य सरहद्दीवर फिरत होती. सोव्हिएत रशियानं त्याची नक्कल करून रणगाड्यांत घातली. आणि दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांशी लढणाऱ्या ब्रिटिश क्रुसेडर रणगाड्यातही पाच दिवसांत आखलेल्या त्याच लिबर्टीची सुधारित आवृत्ती होती.

ब्रिटनमध्ये सरकारनं युद्धातून उरलेला विमानांचा सगळा पसारा १९२० मध्ये एका कंपनीला दहा लाख पौंडांना विकून टाकला. हजारो विमानं आणि त्याहून जास्त इंजिनं. शेडच्या शेडमध्ये थप्प्या लागलेल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी फिरताना छाती जशी उगाच धडधडते, तसं त्या काळच्या इंग्रज तरुणांचं झालं असणार. आपल्याला तिथे जुना पाना-स्क्रू ड्रायव्हर मिळतो, त्यांना बारा सिलिंडरचं विमान इंजिन.

त्यातला एक तरुण होता काउंट लुई झ्बोरोव्स्की. नाव पोलिश, आईचं घराणं अमेरिकेतलं कुबेर अ‍ॅस्टर. बाप एलियट १९०३ मध्ये फ्रान्समधल्या ला टुर्बी इथल्या घाटातल्या शर्यतीत मेला. आई गेली तेव्हा लुई सोळा वर्षांचा होता आणि जगातल्या श्रीमंत पोरांपैकी एक झाला. केंटमधल्या हायम पार्क या वाड्यात त्यानं स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, कॅप्टन क्लाइव्ह गॅलप हा कसलेला इंजिनिअर हाताशी धरला, आणि युद्धातली इंजिनं गाड्यांत बसवायचा सपाटा लावला. पहिली गाडी: जुन्या मर्सिडीजची चासी, वर २३ लिटरचं जर्मन मायबाख विमान इंजिन. नाव ठेवलं चिटी बँग बँग. १९२१ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती ताशी शंभर मैलांच्या वर पळाली. ती बघणाऱ्यांत इयन फ्लेमिंगही होता. जेम्स बाँडच्या या लेखकानं मुलांसाठी जी उडणाऱ्या गाडीची गोष्ट लिहिली, तिचं नाव इथून आलं. दुसऱ्या चिटीत बेंझ विमान इंजिन होतं, आणि ती घेऊन हा गडी सहारा वाळवंटात फिरून आला.

मला झ्बोरोव्स्की आवडतो, पण थोडा रागही येतो. आमच्या ग्रुपवर जे रात्री दीडला चालतं, ते त्यानं जागेपणी केलं, कारण चुकलं तर दुसरं इंजिन आणता येत होतं. त्याची शेवटची आणि सगळ्यांत मोठी गाडी म्हणजे हायम स्पेशल. हिच्यात लिबर्टी. गिअरबॉक्स युद्धाआधीच्या एका बेंझ रेसिंग कारचा. आणि गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेण्यासाठी दोन्ही बाजूंनी साखळ्या. सायकलला असते तशीच साखळी, फक्त रुंदी-जाडीनं राक्षसी.

साखळी का, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. आजच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लांब शाफ्ट असतो, तो मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलला फिरवतो. विमानाचं इंजिन मिनिटाला जेमतेम दोन हजार फेरे घेतं, पण प्रत्येक फेऱ्यात जो पीळ देतं तो साध्या गाडीच्या शाफ्ट-ॲक्सलचे दात मोडून टाकेल असा. एवढा पीळ सहन करणारा ॲक्सल नव्यानं बनवून घ्यायचा म्हणजे वेळ, पैसा आणि अनुभव हवा. साखळीचं तंत्र मात्र तयार होतं. युद्धाआधीच्या मोठमोठ्या रेसिंग गाड्या साखळीवरच चालायच्या. फियाटनं १९११ च्या आसपास बनवलेली २८ लिटरची, अवघ्या चार सिलिंडरची 'तुरिनचं जनावर' म्हणून ओळखली जाणारी गाडीही साखळीचीच. (एका इंग्रज हौशी माणसानं तिचे अवशेष गोळा करून २०१४ मध्ये ती पुन्हा चालू केली. व्हिडिओ जरूर बघा. एक्झॉस्टमधून अक्षरशः ज्वाळा येतात.) थोडक्यात, इंजिन १९१७ चं आणि बाकी गाडी त्याच्याही आधीच्या काळातली.

हायम स्पेशलचं खरं तेज बघायला झ्बोरोव्स्की राहिला नाही. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत मर्सिडीज चालवताना त्याची गाडी झाडावर गेली. वय २९. बाप मेला तेव्हा त्याच्या शर्टच्या बाहीचं बटण ॲक्सिलरेटरच्या दांड्यात अडकलं होतं आणि मुलानं त्या दिवशी तीच बटणं घातली होती, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा म्हणूनच ऐकावी.

मग ती गाडी विकायला निघाली आणि जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमसनं सव्वाशे पौंड मोजले.

थॉमस काउंट नव्हता. वेल्समधल्या रेक्सहॅमचा, १८८४ चा जन्म, लंडनला इंजिनिअरिंग शिकलेला. लेलँड मोटर्सचा तो मुख्य अभियंता होता. तिथे त्यानं १९२० मध्ये लेलँड एट नावाची आठ सिलिंडरची गाडी काढली, तेव्हाची ब्रिटनमधली सगळ्यांत महाग. मोजक्याच बनल्या. कंपनीला लॉरी बनवण्यात रस, याला वेगात. नोकरी सोडून तो ब्रुकलँड्सला राहायलाच गेला. ब्रुकलँड्स म्हणजे लंडनजवळचा १९०७ चा काँक्रीटचा रेसिंग ट्रॅक, कडेला उंच चढ असलेला. त्या ट्रॅकच्या आवारातच एका बंगलीत थॉमस राहायचा, तिथेच त्याचं वर्कशॉप. लग्न केलं नाही. गळ्यापर्यंत नक्षीदार विणीचा स्वेटर घालून गाडी चालवणारा, चाळिशी ओलांडलेला धिप्पाड माणूस. लेलँड एटचीच रेसिंग गाडी बनवून त्यानं ब्रुकलँड्सवर एकामागून एक विक्रम केले होते.

म्हणजे याला गाडीतलं कळत होतं. सव्वाशे पौंडांत काय मिळतंय आणि काय मिळत नाही, हेही त्याला पक्कं माहीत असणार. मला या खरेदीत सगळ्यांत जास्त गुंतवणारी गोष्ट ती आहे. दिवास्वप्न बघणाऱ्याला इंजिन दिसतं. थॉमसला साखळ्याही दिसल्या असतील. तरी त्यानं गाडी घेतली, कारण जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम त्याला हवा होता आणि त्यासाठी कोरी गाडी बांधून द्यायला त्याच्यामागे ना मोठा कारखाना होता, ना अ‍ॅस्टरचा पैसा.

त्यानं गाडीचं नाव बदलून 'बॅब्स' ठेवलं. पिस्टन स्वतःच्या डिझाइनचे बसवले, चार झेनिथ कार्ब्युरेटर लावले, पुढे-मागे वारा कापणारं अंग चढवलं. साखळ्या राहिल्या.

आता वेगाचा हिशोब. त्या काळात ही चढाओढ भलतीच पेटली होती. १९२५ च्या जुलैमध्ये माल्कम कॅम्पबेलनं १८ लिटरच्या सनबीममधून ताशी १५०.७६ मैल गाठले. १९२६ च्या मार्चमध्ये हेन्री सिग्रेव्हनं त्यावर कडी केली, १५२.३३. त्याच्या सनबीममध्ये इंजिन होतं फक्त चार लिटरचं, पण सुपरचार्जर लावलेलं आणि रेसिंगसाठीच घडवलेलं. सत्तावीस लिटरवाल्यांनी तेव्हाच विचारात पडायला हवं होतं. पण एप्रिलच्या २७ तारखेला थॉमस बॅब्स घेऊन वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर उतरला आणि थेट १६९.३० मैलांवर पोचला. दुसऱ्या दिवशी १७१.०२. किलोमीटरमध्ये २७५. मागच्या विक्रमाला तो नुसता चाटून गेला नव्हता, जवळजवळ एकोणीस मैलांनी मागे टाकलं होतं. भंगारात निघालेलं इंजिन, मेलेल्या माणसाची गाडी.

पेंडाइनचा किनारा सात मैलांचा, सपाट. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते, मुरुड-हर्णेला किनाऱ्यावर बाइक पळवणाऱ्यांना माहीत असेल तशी. पण ओली वाळू रस्त्यासारखी एकसारखी नसते. कुठे पाणी साचलेलं, कुठे लाटांनी केलेल्या वळ्या. ताशी पावणेतीनशे किलोमीटरला अशी वळी म्हणजे चाकाला बसणारा हातोडा. आणि विक्रम धरायचा तर तेच अंतर दोन्ही दिशांनी कापावं लागे आणि सरासरी काढली जाई, म्हणजे वाऱ्याचा फायदा मोजला जाऊ नये. थोडक्यात, प्रत्येक प्रयत्नात मरण दोनदा.

इथून पुढे हवा आडवी येते. गाडीचा वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनानं. सोपं करून सांगायचं तर वेग दीडपट हवा असेल तर ताकद तिपटीहून जास्त लागते. १७१ वरून १८० वर जायचं म्हटलं तर नऊ मैलांसाठी सुमारे सतरा टक्के जास्त ताकद. बॅब्समध्ये एवढं उरलं होतं का? थॉमसला वाटत होतं, काढता येईल.

१९२७ च्या ४ फेब्रुवारीला कॅम्पबेल पेंडाइनलाच आला, नव्याकोऱ्या ब्लूबर्डमध्ये. आत नेपियर लायन हे विमान इंजिन, आणि साखळ्यांऐवजी शाफ्ट. वेग १७४.८८. थॉमसचा विक्रम चार मैलांहूनही कमी फरकानं गेला. त्याच वेळी सिग्रेव्ह अमेरिकेत डेटोनाला जायच्या तयारीत होता. त्याच्या नव्या सनबीममध्ये दोन विमान इंजिनं होती, एक पुढे, एक मागे. सगळ्यांना कळत होतं की दोनशेचा आकडा आता जवळ आला आहे, आणि एकदा तो पडला की १७१ आणि १७५ मधला फरक कुणी विचारणार नाही. थॉमसच्या हातात काही आठवडे होते आणि तीच गाडी.

३ मार्च १९२७. थॉमस पेंडाइनला बॅब्स घेऊन पळत असताना ऐन वेगात गाडी घसरली, उलटली, वाळूवर फरफटत गेली. थॉमसच्या डोक्याला जो मार बसला त्यात तो जागीच गेला. वय ४२. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमासाठी पळताना मेलेला तो पहिला माणूस.

त्याला ब्रुकलँड्सजवळ बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात पुरलं. बॅब्सलाही पुरलं. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकाडांत खड्डा खणला आणि मोडलेली गाडी, इंजिनासकट, त्यात ढकलून वर वाळू ओढली. एखाद्या यंत्राबरोबर माणसं असं वागतात तेव्हा नेमकं काय करत असतात, हे मला नीट सांगता येत नाही. ती शिक्षा होती की अंत्यसंस्कार? दोन्ही असावं. भंगारात विकली असती तर सव्वाशेपेक्षाही कमीच आले असते. पण ती पुन्हा कुणाच्या तरी हाती पडून पळाली असती, हेही खरं.

सव्वीस दिवसांनी, २९ मार्चला, सिग्रेव्हनं डेटोनाला २०३.७९ मैल गाठले. त्याची गाडीही साखळ्यांवरच चालत होती. फक्त त्या साखळ्यांवर पोलादी कवच होतं.

लोकांनी कारण लगेच ठरवून टाकलं होतं: उजवीकडची साखळी तुटली आणि चाबकासारखी उसळून थॉमसला लागली. पटण्यासारखं कारण आहे. बसायची जागा साखळीला लागूनच, साखळी जुन्या काळातली, इंजिन तिच्या मानानं फारच दांडगं. चाळीस वर्षं ही गोष्ट अशीच सांगितली गेली. कुणी तपासायचं म्हटलं तरी पुरावा वाळूखाली, आणि वर दुसऱ्या महायुद्धात लष्करानं तो भाग तोफा-दारूगोळ्याच्या चाचण्यांसाठी घेतलेला.

१९६९ मध्ये ओवेन विन ओवेन नावाच्या माणसानं ती गाडी बाहेर काढली. तो उत्तर वेल्समधल्या बँगॉरला कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचा आणि फावल्या वेळात जुन्या गाड्या जमवायचा. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, पण हातानं काम करणारा. लष्कराची परवानगी मिळवायला हवी होती, थॉमसच्या नातेवाइकांची संमती हवी होती, आणि गावातल्या काहींना हे सगळंच अमान्य होतं. त्यांच्या दृष्टीनं ती कबर होती. मला दोन्ही बाजू कळतात. बेचाळीस वर्षांपूर्वी गावानं एका माणसासाठी जे केलं ते एका हौशी प्राध्यापकानं येऊन का उकरावं? आणि दुसरीकडे, खारट वाळूत इंचाइंचानं सडत जाणं हे कुठलं स्मारक?

खणल्यावर निघाला तो गंजलेला, पिचलेला सांगाडा. पातळ पत्रा आणि ॲल्युमिनियम खाऱ्या वाळूनं पोखरलेलं. पण तो सांगाडा बोलका होता. तपासणीत अंदाज वेगळाच पुढे आला: सुरुवात साखळीपासून झाली नसावी. मागचं उजवं चाक आधी निकामी झालं असावं आणि गाडी कलंडताना बाकी सगळं घडलं असावं. हे खरं असेल तर बेचाळीस वर्षं साखळीनं चाकाचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. मात्र थॉमसच्या हिशोबात त्यानं फार फरक पडत नाही. जुनी चाकं काय, जुनी साखळी काय, जे मोडलं ते इंजिनाच्या पुढचं काहीतरी मोडलं.

ओवेननं पुढची सुमारे पंधरा वर्षं त्या सांगाड्यावर घालवली. पंधरा वर्षं! विलर्ड हॉटेलात ते इंजिन पाच दिवसांत आखलं होतं. एकेक भाग सोडवायचा, गंज उतरवायचा, जे वाचेल ते वाचवायचं, जे नाही ते नव्यानं घडवायचं. जुन्या फोटोंवरून पत्र्याचा आकार काढायचा. शेवटी लिबर्टी पुन्हा चालू झालं, बॅब्स पुन्हा स्वतःच्या चाकांवर फिरली. साखळ्याही बसवल्या, कारण त्यांच्याशिवाय ती बॅब्स झाली नसती.

पेंडाइनला २०२३ मध्ये जमिनीवरच्या वेगाच्या इतिहासाचं नवं संग्रहालय उघडलं, किनाऱ्यालाच लागून. उन्हाळ्यात बॅब्स तिथे ठेवलेली असते. आमच्यातला जर्मनीवाला पुढच्या वर्षी तिथे जायचं म्हणतोय. त्याला मी एकच काम सांगितलंय: इंजिनाचे फोटो नेटवर भरपूर आहेत, ते काढू नकोस. मागच्या उजव्या चाकाचा काढ.